गाडीचं काम घरी करायचंय? आधी हात कुठवर पोचतो ते बघा

माझ्याकडे 2014 ची वॅगनआर आहे, पेट्रोल, तीन सिलिंडरचं 998 सीसी इंजिन, आणि गेली बरीच वर्षं तिचं निम्म्याहून जास्त काम मी सोसायटीच्या पार्किंगमध्येच करतो. मी मेकॅनिक नाही, नोकरी कॉम्प्युटरवरची, हाताला ग्रीस लागायची सवय लागली ती बाबांच्या मारुती 800 मुळे. त्या गाडीचं बोनेट उघडलं की इंजिनच्या बाजूने खालची जमीन दिसायची, एवढी मोकळी जागा. 796 सीसीचं इवलंसं इंजिन, आजूबाजूचं सगळं हाताला लागणारं, पाना निसटला तर सरळ फरशीवर खण्णकन पडायचा आणि उचलून परत काम सुरू. आता बऱ्याच नवीन गाड्यांत 10 नंबरची गोटी (सॉकेट पाना) निसटली की ती खालच्या प्लास्टिक कव्हरवर जाऊन बसते आणि ते कव्हर उतरवल्याशिवाय सापडत नाही.

सोपी गाडी आणि अवघड गाडी यात मला तरी मुख्य फरक हाच वाटतो. जपानी सोप्या, जर्मन अवघड हे सगळं ढोबळ झालं, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये हेडलाइटचा बल्ब बदलायला एकीत दोन मिनिटं लागतात आणि दुसरीत बंपर उतरवावा लागतो. त्यामुळे पाने विकत घ्यायच्या आधी अर्धा तास नुसती गाडी बघा.

पहिला अर्धा तास, पाना न लावता

गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड, बोनेट वर. मोबाइलचा टॉर्च घ्या आणि एकेक गोष्ट शोधा. डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी, कुठे आहे आणि ओढायला मोकळी आहे का, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलला पाना फिरायला जागा आहे का, एअर फिल्टरच्या डब्याला क्लिपा आहेत की स्क्रू, हेडलाइटच्या मागे मूठ जाते का, स्पार्क प्लगवरच्या कॉइल वरून दिसतात की त्यांच्यावर इनटेकचा पाइप आडवा आलाय. मग खाली वाकून बघा, ऑइलचा ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल सोडायचा बोल्ट, दिसतो का, ऑइल फिल्टरभोवती हाताची पकड बसेल का, आणि मध्ये कव्हर असेल तर ते किती बोल्टवर आहे. सेकंडहँड गाडी घेणार असाल तर हा अर्धा तास घ्यायच्या आधीच घालवा, विकणारा जरा विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

अजून एक गोष्ट विचारायची, टायमिंग चेन आहे की बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडझाप करवणारी साखळी आहे की रबरी पट्टा. माझ्या गाडीतल्या के10बी इंजिनला चेन आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला बदलायची भानगड नाही, फक्त ऑइल वेळेवर बदलायचं. 800 ला बेल्ट होता. बेल्टवाल्या गाडीत तो कधी बदललाय हे माहीत नसेल तर ते काम गॅरेजला आधी करून घ्या, बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि मग हेडचं काम निघतं.

आणि मॅन्युअल वाचा! ग्लोव्ह बॉक्समध्ये पीयूसी आणि इन्शुरन्सच्या खाली दाबलेलं ते पुस्तक. ऑइल किती, कुठल्या ग्रेडचं, जॅक कुठे लावायचा, कुठला फ्यूज कशाचा, सगळं त्यात असतं आणि ते तुमच्याच गाडीचं असतं.

सामान किती घ्यायचं

सुरुवातीला फार नको. 8 पासून 19 पर्यंत गोटी पाने रॅचेटसकट, 10-12-14-17 चे रिंग पाने, एक चांगला स्टार आणि एक चपटा स्क्रूड्रायव्हर, पक्कड, नरसाळं, जुनं घमेलं, चिंध्या, हातमोजे, एक साधा मल्टिमीटर आणि हवा बघायचा स्वतःचा गेज. स्वस्तातला पाना घेतला की तो बोल्टचे कोपरे खातो आणि गोल झालेला बोल्ट काढायला गॅरेजवाला त्या पान्याच्या चौपट पैसे घेतो, म्हणून पाने चांगले घ्या. 10 नंबरच्या गोट्या दोन घ्या, एक हरवणारच. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट नेमक्या जोराने आवळायचा पाना, नंतर घेतला तरी चालेल पण घ्या नक्की.

पार्ट घेताना जुन्या पार्टवरचा नंबर किंवा गाडीचा चासी नंबर सांगून घ्यायचा, नुसतं "वॅगनआरचा फिल्टर द्या" म्हटलं की दुकानदार विचारणार कुठल्या सालची, कुठलं इंजिन, सीएनजी का पेट्रोल. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत, दोन दुकानात भाव विचारा, बॉक्सवरची एमआरपी आणि होलोग्राम बघा. डुप्लिकेट ऑइल फिल्टर हुबेहूब दिसतो.

दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं

इथे काहीच खोलायचं नाही, आणि खरं सांगायचं तर गाडीचं आयुष्य बऱ्यापैकी इथेच ठरतं.

ऑइल: गाडी बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक काढून पुसा, परत पूर्ण घाला, परत काढा. दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. छोट्या गाड्यांत खालची आणि वरची खूण यात साधारण पाऊण ते एक लिटरचा फरक असतो, म्हणून कमी दिसलं की अख्खा डबा ओतू नका, पाव लिटर घाला आणि परत बघा. वरच्या खुणेच्या वर गेलेलं ऑइलही वाईटच. काळं झालंय म्हणून घाबरू नका, काळं होणं हे त्याचं कामच आहे. दुधाळ चहासारखं दिसलं तर मात्र गाडी चालवू नका, इंजिनात पाणी किंवा कूलंट गेलेलं असू शकतं.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी: पारदर्शक डब्यात मिन आणि मॅक्सच्या मध्ये. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, आत प्रेशर असतं आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. घाटात गाडी तापली तर बाजूला घ्या, बंद करा, चहा प्या, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. टॉप-अपला आधी डब्यात होतं तेच कूलंट. कॉन्सन्ट्रेट असेल तर डबा सांगेल त्या प्रमाणात डिस्टिल्ड पाणी, बऱ्याचदा निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नको, क्षार आत बसतात.

ब्रेक फ्लुइड: लेव्हल हळूहळू खाली येते कारण ब्रेक पॅड झिजतात, त्यामुळे कमी दिसलं की ओतून मोकळं होऊ नका, आधी पॅड बघा. हे फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, डॉट 4 (फ्लुइडचा एक प्रकार) चा उकळबिंदू नवीन असताना किमान 230 अंश आणि पाणी शोषल्यावर 155 पर्यंत उतरू शकतो, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. पण बदलायचं काम गॅरेजचं.

टायर: हवा सकाळी गाडी थंड असताना बघायची, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरवर लिहिलेला आकडा तो नव्हे, तो त्या टायरची कमाल मर्यादा आहे. पंपावरचे गेज एकमेकांशी कधी जुळत नाहीत म्हणून आपला गेज. खाचेतली टीडब्ल्यूआयची, म्हणजे झीज दाखवणारी, उंचवट्याची पट्टी रबराच्या लेव्हलला आली म्हणजे खाच 1.6 मिलिमीटर उरली, टायर संपला. बाजूवर चार आकडे असतात, 2321 म्हणजे 2021 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. नवीन टायर घेताना हे आकडे दुकानदारासमोर वाचायचे, दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला माल लगेच बाजूला ठेवला जातो.

बॅटरी

पहिलं खोलायचं काम म्हणून हे बेस्ट. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे फुल, 12.4 म्हणजे पाऊणएक, 12 च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. मग गाडी चालू करून बघा, 13.8 ते 14.5 च्या दरम्यान आलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) बॅटरी चार्ज करतोय. काही नवीन गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे आकडा खालीवर होतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड आली असेल तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलटं, पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. कारण असं की गाडीची अख्खी बॉडी निगेटिव्ह असते, पॉझिटिव्ह काढताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलीच असेल तर मोठी ठिणगी उडते. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. "सेल्फ मारत नाही, बॅटरी गेली" म्हणून नवीन घेतलेल्या कितीतरी बॅटऱ्या खरं तर सैल टर्मिनलच्या बळी असतात. घड्याळ आणि रेडिओचे स्टेशन परत सेट करावे लागतील, काही म्युझिक सिस्टिम कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा.

फिल्टर

एअर फिल्टर म्हणजे क्लिपा उघडा, काढा, उजेडाकडे धरा. कोरडी धूळ असेल तर हळूच झटका, कागदाला पाणी लावू नका, काळाकुट्ट किंवा तेलकट झाला की नवीन. मॅन्युअलमधलं अंतर चांगल्या रस्त्याचं असतं, ऊसाच्या सीझनमध्ये ट्रॉल्यांच्या मागून कच्च्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीला ते लागू नाही. बसवताना रबराची कड खाचेत नीट बसली का ते बोट फिरवून बघा.

केबिन फिल्टर बहुतेक वेळा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, बॉक्स दोन्ही बाजूने दाबला की खाली लोंबतो आणि मागे झाकण दिसतं. एसीची हवा कमी येते ही तक्रार निम्म्या वेळा इथेच सुटते. गंमत म्हणजे काही गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटमध्ये जागा असते, झाकण असतं, आणि आत फिल्टरच नसतो! योग्य मापाचा आणून घालता येतो. घालताना हवेच्या दिशेचा बाण बघा.

ऑइल बदलणं

आधी सोसायटीचे नियम बघा, आणि वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या सर्व्हिसचं बिल हातात असलेलं बरं, तोवर हे करू नका. वॉरंटी संपल्यावर खुशाल करा. लागणारं सामान: मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल (माझ्या गाडीत मी 5डब्ल्यू-30 वापरतो, छोट्या इंजिनला तीन लिटरच्या आसपास लागतं, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात बघा), नवीन फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवीन वायसर.

1. इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवा, ऑइल कोमट झालं की पातळ होऊन नीट निथळतं. फार गरम नको, हात भाजतो. बंद करा, वरचं ऑइलचं झाकण उघडून ठेवा.

2. गाडी उचलायची गरज असेल तर रॅम्पवर चढवा किंवा जॅकने उचलून जॅक स्टँडवर टेकवा. हँडब्रेक, पहिला गिअर, जमिनीवरच्या चाकांना दगड. फक्त गाडीबरोबर आलेल्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, तो जॅक चाक बदलण्यापुरता असतो आणि तो कलंडतो. विटांवरही नाही, वीट सूचना न देता फुटते. स्टँड नसतील तर हे काम गॅरेजमध्ये करा.

3. घमेलं खाली सरकवा, ड्रेन बोल्ट पान्याने ढिला करा आणि शेवटचे आटे बोटाने वरती दाबत सोडवा, मग झटक्यात बाजूला. पहिली धार सरळ खाली न पडता पुढे उडते, घमेलं त्या अंदाजाने ठेवा. दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या.

4. नवीन वायसर लावून बोल्ट आधी नुसत्या हाताने चढवा. आटे बरोबर बसले तर तो लोण्यासारखा फिरतो, अडकला तर जोर न लावता उलटा फिरवून परत. मग पान्याने, टॉर्क रेंच असेल तर पुस्तकातल्या आकड्याला. ऑइलचा चेंबर बऱ्याच गाड्यांत अॅल्युमिनियमचा असतो, पाय देऊन आवळलं की आटे जातात.

5. फिल्टर काढा, घमेलं त्याच्या खाली घ्या, तोही ऑइल सांडतो. आता जुन्या फिल्टरचा रबरी गॅस्केट जुन्या फिल्टरबरोबरच बाहेर आलाय ना ते बघा. हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण दुसऱ्यांदा काम करताना माझा गॅस्केट इंजिनलाच चिकटून राहिला, मी त्यावर नवीन फिल्टर बसवला, गाडी चालू केली आणि मिनिटभरात पार्किंगमध्ये काळं तळं. दोन गॅस्केट एकावर एक टिकत नाहीत. पुढचे दोन तास मी भुसा आणि कपड्याच्या साबणाने फरशी घासत होतो, तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीतून मार्गदर्शन करत होते.

6. नवीन फिल्टरच्या गॅस्केटला बोटाने ताजं ऑइल चोळा, हाताने फिरवा, गॅस्केट टेकला की तिथून साधारण पाऊण वळसा. पाना नको.

7. सांगितल्यापेक्षा थोडं कमी ऑइल ओता, झाकण लावा, गिअर न्यूट्रलला आणा, गाडी चालू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदात विझला पाहिजे, नाही विझला तर लगेच बंद. अर्धा मिनिट इंजिन जागेवरच चालू ठेवून खाली वाका, फिल्टर आणि बोल्ट दोन्ही कोरडे आहेत का बघा. बंद करा, गाडी उचललेली असेल तर खाली उतरवा, दहा मिनिटांनी डिपस्टिक बघून उरलेलं घाला.

जुनं ऑइल नवीन ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरा आणि जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या, ते पुढे रिसायकलवाल्याकडे जातं. गटारात, झाडाच्या बुंध्याशी, वाळवी मारायला चौकटीवर, कुठेही नाही.

चाकं आणि ब्रेक

वर्षातून दोनदा घरी, आरामात, चारही चाकांचे नट एकदा ढिले करून परत आवळा. पंक्चरवाला एअर गनने एवढे आवळतो की रात्री हायवेवर छोट्या पान्याने ते हलत नाहीत, आणि ते कळायची ती वेळ नव्हे. ढिले करताना चाक जमिनीवर असताना करायचे, मग उचलायचं. आवळताना समोरासमोरचे, एकाच फेरीत पूर्ण नाही. मारुतीच्या छोट्या गाड्यांना साधारण 85 न्यूटन-मीटर लागतात, तुमचा आकडा पुस्तकात बघा. स्टेपनीतली हवाही तेव्हाच बघा, ती बिचारी कायम विसरली जाते.

चाक काढलेलं असताना ब्रेक पॅडची जाडी दिसते. मटेरियल 3 मिलिमीटरवर आलं की बदलायची तयारी. बघायचं स्वतः, बदलायचं पहिल्यांदा तरी गॅरेजला, तिथे शेजारी उभं राहून. ब्रेकच्या कामात "जमलं वाटतं" हे चालत नाही.

दिवे, फ्यूज, वायपर

हेडलाइट बल्ब बऱ्याच साध्या गाड्यांत एच4, 60/55 वॅट. काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो, लागलंच तर स्पिरिटने पुसा. फ्यूज गेला तर त्याच आकड्याचा: 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 30 हिरवा. परत गेला तर मोठा फ्यूज लावायचा नाही, कुठेतरी वायर शॉर्ट आहे आणि मोठ्या फ्यूजने ती पेटेल. वायपर ब्लेड काढल्यावर काचेवर जाड टॉवेल टाका, मोकळा दांडा स्प्रिंगने आपटला की काच तडकते.

पावसाळ्याआधी

बोनेट आणि पुढची काच यांच्यामधली जाळी, तिथे झाडाची पानं साचतात, कुजतात, पाणी जायची भोकं बुजतात आणि मग पाणी केबिनमध्ये उतरतं. मे महिन्यात हाताने साफ करा. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करा, कोकणातल्या गाड्यांची दारं आतून सडतात ती बहुतेक इथूनच. उंदरांसाठी लोक तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, स्प्रे सगळं करून बघतात, माझ्या अनुभवात बारीक जाळी आणि गाडी रोज हलवणं एवढंच चालतं. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर परत सेल्फ मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग इंजिन खोलायचं बिल येतं. ढकलून बाजूला घ्या, टोइंगला फोन करा.

चेक इंजिनचा दिवा

2013 नंतरच्या गाड्यांना ओबीडी-2, म्हणजे बिघाड कोडमध्ये सांगणारी यंत्रणा आहे, स्टिअरिंगच्या खाली एक 16 पिनचं सॉकेट असतं. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावला की मोबाइलवर कोड दिसतो. पी0300 म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही), पी0171 म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी हवा जास्त. पण कोड आला की तो पार्ट खराब असं नसतं, पी0171 ला एखादा निसटलेला हवेचा पाइपही पुरतो. कोड पुसायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, गॅरेजला जायचं झालं तर तो दाखवायला होतो आणि "सेन्सर गेलाय" हे वाक्य ऐकायची शक्यता बरीच कमी होते.

ज्याला हात लावायचा नाही

एअरबॅगचे पिवळे कनेक्टर. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीच्या नारिंगी केबल, तिथला करंट जीव घेतो, त्या गाड्यांत आपलं काम टायर, वॉशर, वायपर, केबिन फिल्टर इथे संपतं. एसीचा गॅस. स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर, दाबलेली स्प्रिंग सुटली तर तोफेसारखी येते. आणि सीएनजीचं काहीही, पाइप असो की व्हॉल्व्ह. सीएनजीवाल्यांनी फक्त सिलिंडरची प्लेट वाचायची, दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने सिलिंडरची तपासणी) लागते, आणि स्पार्क प्लगकडे पेट्रोलवाल्यांपेक्षा लवकर बघायचं, सीएनजी पेटवायला ठिणगी जोरदार लागते.

बाकी एक साधी वही गाडीतच ठेवा. तारीख, किलोमीटर, काय केलं, पार्टचा नंबर, बिल स्टेपल करून. माझ्या वहीत त्या काळ्या तळ्याचीही नोंद आहे, 61,240 किलोमीटर, गॅस्केट डबल, आणि त्यापुढे भुसा दोन पोती.